पन्नाशीतील पदवी आणि घरच्यांची अनुमोदना

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९६१ साली कोसबादच्या टेकडीवर राहणाऱ्या एका शिक्षिकेने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पदवी संपादन केली. कोसबाद म्हणजे डहाणू तालुक्यातील वारली पाड्यांमधले एक गाव; तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्या वेळी त्यांची दृष्टी इतकी अधू झाली होती की, अंधत्वाच्या सीमेवर असताना त्या पदवीधर झाल्या, असेच त्यांचे चरित्रकार लिहितात. या शिक्षिका म्हणजे अनुताई वाघ. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी ज्या विषयाची मांडणी करावयाची आहे, तो विषय म्हणजे उतारवयाकडे झुकताना पदवी घेण्याचा निर्णय; आणि त्याचे अनुताईंइतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे शोधावे लागेल.

त्यांचा जन्म १७ मार्च १९१० चा. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य ठरलेलेच असे. घराच्या मागच्या सोप्यात, दुसऱ्यांच्या मुलांचे करीत ते संपावयाचे. अनुताईंचे तसे झाले नाही, कारण त्यांनी शिक्षण धरले आणि ते सोडले नाही. व्हर्नाक्युलर फायनल झाली, प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण झाले, नाशिक जिल्ह्यात नोकरी झाली, पुढे पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिकवू लागल्या. दिवसा मुलींना शिकवावयाचे आणि रात्री स्वतः विद्यार्थिनी होऊन रात्रशाळेच्या बाकावर बसावयाचे, असा क्रम ठेवून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते.

मॅट्रिक ते पदवी हे अंतर चोवीस वर्षांचे आहे. ही चोवीस वर्षे रिकामी गेली असे कोणी समजू नये. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि तेथे बालशिक्षणाचे जे काम उभे राहिले, ते पुढे कोसबादला गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नसतील तर त्यांच्यामागे कुरणात जावे, ही कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशातल्या गावागावांत पोहोचला. आज यवतमाळ जिल्ह्याच्या कोणत्याही खेड्यात तो शब्द उच्चारताना त्यामागे या दोन स्त्रियांचे श्रम आहेत, याची आठवण फार थोड्यांना असते.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तोच या व्याख्यानाचा गाभा आहे. १९६१ मध्ये अनुताईंना पदवीची गरज काय होती? काम हातात होते. ताराबाईंसारखी ज्येष्ठ सहकारी पाठीशी होती. शिक्षिकांना शिकवण्याचा अधिकार त्यांनी अनुभवाने मिळवलाच होता. पदवी नसल्यामुळे कोसबादची एखादी बालवाडी बंद पडणार होती, असे मुळीच नाही. तरी त्या परीक्षेला बसल्या. गरजेच्या हिशेबाने पाहिले तर हा निर्णय जमत नाही. लहानपणी जे हातातून निसटले ते वेळ सापडताच पुरे करावयाचे, अपुरे ठेवून जावयाचे नाही, ही दृष्टी धरली तर तो तत्काळ जमतो. पदवीनंतर त्या एकतीस वर्षे जगल्या. १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर कामाचा भार त्यांनीच वाहिला, १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे ‘आता या वयात काय करायचे आहे’ असे जिला सहज म्हणता आले असते, तिच्यापुढे तीन दशकांहून अधिक काळ शिल्लक होता.

वृत्तपत्रांत मधूनमधून फार वयस्कर पदवीधरांच्या बातम्या येतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात नोला ओक्स या आजी २००७ साली पंचाण्णवाव्या वर्षी आपल्या नातीबरोबर पदवीधर झाल्या. पाटण्याच्या नालंदा मुक्त विद्यापीठातून राजकुमार वैश्य हे २०१७ साली अर्थशास्त्रात एम. ए. झाले, तेव्हा त्यांनी सत्त्याण्णवी ओलांडली होती. या बातम्या आनंदाने वाचाव्यात. पण त्यांतून एक गैरसमज पसरतो, तोही सांगितला पाहिजे. त्यामुळे उशिराचे शिक्षण म्हणजे एक नवल, एक विक्रम, असे वाटू लागते. प्रत्यक्षात हा प्रश्न नव्वदीतल्या आजोबांचा नाहीच. तो चाळीस-पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या त्या गृहिणीचा आहे, जिची मुले बाहेरगावी शिकावयास गेली आहेत आणि जिचा स्वतःचा दाखला बारावीवर किंवा त्याहूनही अलीकडे थांबलेला आहे. तो त्या दुकानदाराचाही आहे, ज्याला वडिलांच्या आजारपणामुळे एकोणिसाव्या वर्षी गादीवर बसावे लागले आणि ज्याची बी. कॉम.ची शेवटची दोन वर्षे तशीच राहिली.

यवतमाळ जिल्ह्यात असे लोक का जास्त सापडतात, याची कारणे उघड आहेत. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८३ साली अमरावती विद्यापीठ होईपर्यंत हा जिल्हा नागपूरच्याच कक्षेत होता. यवतमाळ, वणी, पुसद येथे महाविद्यालये निघाली, तरी जिल्हा सोळा तालुक्यांचा. उमरखेडच्या मुलीला यवतमाळ गाठावयाचे म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास, अमरावती त्याहून दूर. व्यापारी घरांत मुलीला अशा अंतरावर एकटी ठेवण्याची रीत नव्हती. मुलगी दहावी झाली की स्थळे पाहावयाची, बारावी झाली की लग्न; मुलगा हिशेबात हुशार निघाला की त्याला दुकानात घ्यावयाचे. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पण त्या प्रत्येक निर्णयाने एक अभ्यास मध्येच थांबला, आणि थांबलेल्या अभ्यासाची रुखरुख पुढे तीस तीस वर्षे मनात राहते, हे त्या घरांतील बोलण्यावरून कळते. मुलांच्या शाळेच्या अर्जात ‘आईचे शिक्षण’ या रकान्यापाशी पेन थबकते, तेव्हाही कळते.

रस्ते आता आहेत. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाची कल्पना प्रत्यक्षात आली. भारतात १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्रात जुलै १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाची पुस्तके मराठीत, आणि शिक्षक समोर नसतानाही समजावीत अशा रीतीने लिहिलेली असतात. विदर्भातील अनेक महाविद्यालयांत त्याची अभ्यासकेंद्रे चालत आली आहेत. राजस्थानातील लाडनू येथील जैन विश्व भारतीला १९९१ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथून दूरस्थ पद्धतीने जैनविद्येचा अभ्यास करून पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या गृहिणी समाजात ठिकठिकाणी भेटतात. ज्यांची दहावी वा बारावी राहिली आहे, त्यांना राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षा देता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी असे टप्पे मान्य केले आहेत, म्हणजे मध्ये थांबावे लागले तरी केलेले वाया जाऊ नये. प्रवेशाचे नियम वर्षानुवर्षे बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये. संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेली आहे की नाही, हेही पाहावे. आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो. सहा महिन्यांत घरपोच पदवी देणारा माणूस विद्या देत नाही, कागद देतो.

एक अडचण अशी की जी कोणत्याही पुस्तिकेत ठळक छापलेली नसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. विवाह नोंदणी झालेली नसते, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केलेला नसतो. अर्ज भरावयाच्या शेवटच्या आठवड्यात ही गाठ समोर येते आणि कित्येक भगिनींचे वर्ष तेथेच जाते. ज्यांच्या मनात विचार आहे, त्यांनी इतर काही ठरण्याआधी दाखला शोधावा आणि ही कागदपत्रे करून ठेवावीत.

आता अभ्यासाविषयी. ‘आता डोक्यात राहत नाही’ हे वाक्य या वयात सर्वांत अधिक ऐकू येते. त्यात तथ्य थोडे आहे. सनावळ्या आणि व्याख्या तरुणाइतक्या झटपट पाठ होत नाहीत, लिहिण्याची सवय गेलेली असते, आणि तीन तास सलग लिहिताना पहिल्या तासाला बोटे आखडतात. त्यावर उपाय एकच, रोज एक पान हाताने लिहिणे. परंतु दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ज्या स्त्रीने वीस वर्षे दुकानाचा रोजमेळ लिहिला, खतावणी केली आणि दिवाळीला जमा-नावे जुळवून बाकी काढली, तिला वाणिज्य शाखेचा पहिला पेपर परका नाही. तिला फक्त त्याच गोष्टींची पुस्तकी नावे शिकावयाची आहेत. ज्या अडत्याने कापसाचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा झालेला पाहिला, जिनिंगमधून निघालेल्या रुईचा आणि सरकीचा हिशेब ठेवला, सत्तरच्या दशकात आलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेचा आरंभ आणि पुढे तिची उतरती कळा दुकानाच्या पायरीवरून पाहिली, त्याच्यासाठी हमीभावावरील प्रकरण म्हणजे स्वतःच्याच आयुष्याची पाने आहेत. अठरा वर्षांचा विद्यार्थी ते पाठ करतो. पन्नाशीचा विद्यार्थी वाचता वाचता पुस्तकाशी वाद घालतो. वाद घालणाऱ्याला ते विसरता येत नाही.

जैन परंपरेने अध्ययनाला फार वरचे स्थान दिले आहे. बारा तपांपैकी सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. स्वाध्याय हे आभ्यंतर तप आहे. त्याचे वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा असे पाच प्रकार सांगितले जातात. परंपरेनुसार नावांत आणि क्रमात थोडा फरक आढळतो. गुरूकडून पाठ घेणे, शंका विचारणे, उजळणी करणे, मनन करणे आणि दुसऱ्यास सांगणे, अभ्यासाची याहून नेमकी पद्धत आधुनिक शिक्षणशास्त्रालाही सहजी सुचणार नाही. शाळेच्या पुस्तकात धड्याखालच्या प्रश्नांना ‘स्वाध्याय’ म्हणतात, ते उगाच नव्हे. अर्थात विद्यापीठाची पदवी आणि आत्मशुद्धीसाठी केलेला स्वाध्याय एक नव्हेत. पहिली लौकिक आहे, दुसरा लोकोत्तर. दोहोंची सरमिसळ करून पदवीला धर्माचे वस्त्र नेसवण्याचे कारण नाही.

तुलना करावयाची ती वेगळ्याच जागी. घरात एखादी सून अठाई करते किंवा वर्षीतप आरंभते, तेव्हा काय होते ते आठवावे. वर्षीतप तेरा महिन्यांच्या आसपास चालते. पचक्खाण घेण्यापूर्वी घरच्यांची संमती घेतली जाते. पारण्याच्या दिवशी सासू पहाटे उठते, जावा स्वयंपाक वाटून घेतात, उपवासाच्या दिवशी तिला उन्हात पाठवावयाचे नाही असे सासरे बजावतात, मुले आवाज कमी करतात. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवले जाते. अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणे होते, तेव्हा सारे घर अभिमानाने उभे असते. हे तप एकटीचे असले तरी त्यामागची व्यवस्था साऱ्या घराची असते, आणि शास्त्राच्या भाषेत तिला नाव आहे: अनुमोदना. करणे, करविणे आणि करणाऱ्यास मनापासून अनुमोदन देणे, हे तिन्ही फळाचे वाटेकरी मानले आहेत.

तीच सून म्हणाली की बी. ए.ला नाव घालावयाचे आहे, तर पहिला प्रश्न येतो: उपयोग काय? दुसरा येतो: घराचे कोण पाहील? दोन्ही प्रश्न गैर नाहीत. पहिल्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. नोकरी हाच उपयोग धरला तर पन्नाशीच्या पदवीचा तो फारसा नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा २०१६ पासून सर्वसाधारणपणे अडतीस आहे. स्वतःची शिकवणी, बालवाडी, संस्थेचे काम, पेढीचा हिशेब, नातवंडांचा अभ्यास यांत उपयोग होतो. काहींच्या बाबतीत तोही होत नाही, फक्त तो अर्धा राहिलेला रकाना भरतो. अनुताईंना तेवढे पुरेसे होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या सुनेने द्यावयाचे नाही, ते घराने द्यावयाचे आहे.

कारण उशिराच्या पदवीत माणसे बुद्धीमुळे कमी आणि फीमुळे त्याहूनही कमी अडतात. अडतात ती संध्याकाळच्या दोन तासांमुळे. दुकान बंद करून माणसे जेवावयास येतात, चौविहार असणाऱ्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकावयाचे असते, त्यानंतर भांडी, दूध, उद्याची तयारी. दुपारी वेळ असतो असे म्हणतात. तो पाहुण्यांचा आणि पापड-वड्यांचा असतो. ज्या घरात हे दोन तास कोणीतरी उचलून दिले, तेथे पदवी झाली. ज्या घरात ‘तू वाच, आमची हरकत नाही’ एवढेच म्हटले गेले, तेथे पुस्तके कपाटात राहिली. हरकत नसणे ही अनुमोदना नव्हे.

पुरुषांचा अडसर निराळा आहे, तो लाजेचा. पन्नास वर्षांचा मनुष्य, ज्याच्या शब्दावर पेठेत लाखांचा व्यवहार होतो, तो परीक्षेच्या खोलीत आपल्या नोकराच्या मुलाशेजारी कसा बसणार? आणि नापास झाला तर? अनुताई हुजूरपागेत शिक्षिका असताना रात्रशाळेत विद्यार्थिनी म्हणून बसल्या. ज्या शहरात त्या दिवसा ‘बाई’ होत्या, त्याच शहरात रात्री त्यांच्यावर दुसरे कोणी हजेरी घेत होते. शिक्षकाच्या पेशात ही लाज गिळणे व्यापाऱ्याहून अधिक कठीण, हे ध्यानात घ्यावे. नापास होण्याची भीती तर तरुणांनाही असते. फरक इतकाच की, त्यांच्यावर नापास झाल्याबद्दल रागावणारे कोणी असते, आणि पन्नाशीच्या माणसाला हसणारे कोणी असते. ते हसू बहुधा घरातूनच सुरू होते, थट्टेच्या सुरात, जेवणाच्या पाटावर. ते तेथेच थांबवणे हे घरातील ज्येष्ठांच्या हातात आहे.

ट्रस्टच्या कामात पन्नास वर्षांत विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, वह्या-पुस्तकांचे वाटप, गुणवंतांचे सत्कार असे उपक्रम होत असतातच. गुणवंतांच्या यादीत दहावी-बारावीच्या मुलामुलींची नावे असतात. त्या यादीत पंचेचाळीस वर्षांच्या एखाद्या भगिनीचे नाव, द्वितीय श्रेणीसह, वाचले गेले तर सभागृहातील इतर दहा जणी घरी जाऊन आपला शाळा सोडल्याचा दाखला शोधतील. उपाश्रय किंवा मंगल कार्यालयातील एखादी खोली दुपारी दोन तास अभ्यासासाठी उघडी ठेवावयास खर्च काहीच नाही. घरी ‘जरा वाचते’ म्हटले तर चार हाका येतात. ‘वाचनाला जाते’ म्हटले की येत नाहीत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मुक्त विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा बहुतेक मे-जूनच्या सुमारास येतात, आणि विदर्भातील लग्नसराईही तेव्हाच असते. पहिल्या वर्षाचा पेपर आणि नणंदेच्या मुलीची हळद एकाच दिवशी येणार, हे जवळजवळ निश्चित समजावे. त्या दिवशी हळदीला कोणी जावयाचे आणि परीक्षेला कोणी, हे वेळापत्रक हातात येण्याची वाट न पाहता अर्ज भरतानाच सासूबाईंशी बसून ठरवून घ्यावे.

जय जिनेंद्र.